बोटीवर कोण चढलं, किनाऱ्यावर कोण राहिलं

१७८७ चा ऑक्टोबर महिना. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप टाऊनच्या किनाऱ्यावर तुम्ही एका गाईचं दावं धरून उभे आहात. मागे टेबल माउंटनचा सपाट माथा, समोर उपसागरात नांगर टाकून उभी असलेली अकरा इंग्रजी जहाजं. इंग्लंडातले कैदी घेऊन हा ताफा ऑस्ट्रेलियात वसाहत करायला निघाला आहे. वाटेतला हा शेवटचा मुक्काम, महिनाभराचा. पाणी भरायचं, धान्य घ्यायचं आणि नव्या मुलखात लागतील म्हणून गुरं, मेंढरं, डुकरं, कोंबड्या जहाजांवर चढवायच्या.

गाय शेपूट उचलते. शेणाचा पो जमिनीवर पडतो. दावं जरा सैल सोडा आणि तिथंच उकिडवे बसा.

पहिला भुंगा यायला फार वेळ लागत नाही. तो वाऱ्याच्या उलट दिशेनं, जमिनीलगत, वासाचा माग काढत येतो आणि धपकन पडतो. पाठीवरच्या कडक झाकणांखाली पंख दुमडून घेतो. त्याच्या मिशांकडे बघा. टोकाला बारीक पाकळ्या आहेत, त्या तो उघडतो, मिटतो. वास घेण्याचं त्याचं इंद्रिय ते. डोकं पुढून चपटं, पुढचे पाय रुंद आणि कडेनं दाते असलेले. सगळा देह खणण्यासाठी घडलेला.

मग दुसरा येतो, पाचवा येतो, आणि थोड्या वेळानं मोजदाद सुटते. काही भुंगे शेणातच मुक्काम करतात. काही शेणाच्या बरोबर खाली बीळ खणून शेण आत ओढून नेतात. काही गोळी वळतात आणि डोकं खाली, मागचे पाय गोळीवर, अशा उलट्या चालीनं ती लांब ढकलत नेतात. या खंडात हत्ती, रानरेडे, झेब्रे आणि हरणांचे कळप अनादी काळापासून चरत आले आहेत. त्यांच्यामागून साफसफाई करणारी ही जमातही तितकीच जुनी. गाईचं शेण त्यांना परकं वाटण्याचं कारण नाही.

आता एका भुंग्याच्या तोंडाशी नजर न्या. शेणकिडा शेण खातो असं आपण सरसकट म्हणतो. पण वाढ झालेल्या शेणकिड्याला चावून खाताच येत नाही. त्याच्या जबड्यांच्या कडा मऊ आणि पातळ असतात. शेणातला रस आणि त्यात तरंगणारे, केसाच्या जाडीहूनही बारीक कण एवढंच तो गाळून घेतो. त्या कणांत जंतू असतात, गाईच्या आतड्यातून झडलेल्या पेशी असतात. त्याचं पोषण त्यातच आहे. गवताच्या काड्या, चोथा तो बाजूला सारतो. चोथा चावून पचवणं हे त्याच्या अळीचं काम. हा तपशील सोबत ठेवा, पुढे दुसरा भुंगा भेटेल तेव्हा लागेल.

संध्याकाळी खलाशी हाका मारतात. गाय जहाजावर चढते. तिच्यासाठी चारा चढतो, पाण्याची पिंपं चढतात. शेणकिड्याला मात्र लाकडी डेकवर काय काम? त्याला खाली माती लागते. समुद्रावर रोज जहाजाचा डेक धुतला जातो आणि शेण पाण्यात जातं.

२६ जानेवारी १७८८. सिडनी कोव्ह. दोन वळू आणि मोजक्या गाई किनाऱ्यावर उतरतात. पुन्हा शेण पडतं. पुन्हा उकिडवे बसा. बसून राहा. कोणी येत नाही.

या मुलखात शेणकिडे नाहीत असं अजिबात नाही. स्थानिक जाती शेकड्यांनी आहेत. पण त्यांची सगळी जडणघडण कांगारू, वॉलबी आणि वाँबॅट यांच्या कोरड्या, काड्याकाड्यांच्या लेंड्यांवर झालेली. थबकन पडून पसरणारं, पातळ, ओलं शेण त्यांनी कधी पाहिलेलं नाही. बहुतेकांना त्याचं काय करायचं ते उमगत नाही. त्यातून त्यांच्यातले पुष्कळसे झाडीतले रहिवासी, आणि गुरं चरणार उघड्या माळावर.

त्या दिवशी हे कोणाच्या लक्षात यावं, अशी अपेक्षाही करता येत नाही. वसाहतीत माणसांच्याच पोटाची भ्रांत आहे. काही महिन्यांत ही गुरं राखणदाराची नजर चुकवून रानात पसार होतात आणि सात वर्षांनी, १७९५ मध्ये, नेपियन नदीपलीकडे सापडतात. तेव्हा त्यांची संख्या साठेक झालेली असते. गुरांना देश मानवला. माणसांनी आनंद केला.

आता दीडशेहून अधिक वर्षं एका दमात ओलांडा.

१९५१. पश्चिम ऑस्ट्रेलिया, पर्थच्या पूर्वेला वूरलू गावाजवळचं एक कुरण. उन्हानं डोळे दिपतात. तुम्ही श्वास घ्यायला तोंड उघडता आणि माशी आत जाते. डोळ्यांच्या कडांना, नाकपुड्यांना, ओठांच्या कोपऱ्यांना माश्या चिकटतात. ओलावा दिसला की तिथं बसायचं, हा या बुश फ्लायचा स्वभाव. तोंडासमोर हात हलवत राहण्याची इथल्या माणसाची सवय देशभर ओळखीची झालेली आहे.

खाली बघा. कुरणभर शेणाचे पो, वाळून पापुद्रा आलेले. त्यातला एक महिन्याचा आहे, एक वर्षाचा. दोन्ही जिथं पडले तिथंच आहेत. प्रत्येकाभोवती उंच, गर्द हिरव्या गवताचं कडं आहे आणि गाय त्या कड्याला तोंड लावत नाही. स्वतःच्या शेणाभोवतीचं गवत गुरं टाळतात. गाय दिवसाला दहा-बारा वेळा शेण टाकते. १९६० च्या दशकात या देशात सुमारे दोन कोटी गुरं असतील. गुणाकार तुम्ही मनातल्या मनात करा, आणि त्यातलं बरंचसं शेण महिनोन्‌महिने जागचं हलत नाही हे त्यात धरा. कुरण असं कणाकणानं झाकलं जातं आणि ओल्या शेणात माशीची पिलावळ वाढते.

तुमच्यापासून चार पावलांवर एक तरुण माणूस बुटाच्या टोकानं वाळकं शेण उलटवतो आहे. जॉर्ज बोर्नेमिसा, वय सत्तावीस, मूळचा हंगेरीचा, इथं नुकताच आलेला कीटकशास्त्रज्ञ. त्याच्या देशात कुरणातलं शेण उलटवलं की खाली भुंग्यांची लगबग दिसते. इथं खाली पांढरं पडलेलं गवत आहे, बस. मला या सगळ्या प्रवासात हा क्षण फार मोलाचा वाटतो. जे आहे ते सगळ्यांना दिसतं. जे असायला हवं होतं आणि नाही, ते दिसायला दुसरीकडून आलेली नजर लागली. केपच्या किनाऱ्यावर मागे राहिलेल्या प्रवाशाची गैरहजेरी पहिल्यांदा कोणीतरी लावली.

त्याचा उपाय अमलात यायला अजून सतरा वर्षं आहेत. तोवर दुसऱ्या भुंग्याकडे जाऊ, आणि त्यासाठी कोकणात.

१९०९. वेंगुर्ल्याजवळची एक वाडी, मृगाच्या आधीचे उकाड्याचे दिवस. रात्री पडवीत बसला आहात. माडांच्या शेंड्यांतून जड घरघर येते आणि कंदिलावर काहीतरी टणकन आपटतं. उचला त्याला, चावत नाही. हातात मावेल पण मुठीत राहायचा नाही. पायांचे काटे कातडीत रुततात आणि तो पुढे सरकतो तेव्हा बोटांना जोर लावावा लागतो. लांबी दीड-दोन इंच, रंग काळा, उजेडात चकाकणारा. कपाळावर मागे वळलेलं एक शिंग. पोटाचं टोक बघा, तिथं तांबूस केसांचा दाट झुपका असेल तर मादी. नराला तो तसा नसतो, त्याचं शिंग मात्र लांब असतं. जरा दाबलंत तर तो चर्र चर्र असा आवाज करील. हा गेंड्या भुंगा.

सकाळी माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली आला की त्याच्याबरोबर मान वर करून उभे राहा. एका माडाच्या झावळ्या विचित्र दिसतात. दोन्ही बाजूंच्या पात्या तिरक्या रेषेत छाटलेल्या, घडी घातलेला कागद कात्रीनं कापून उलगडावा तशा. हे छाटणं आजचं नाही. झावळ उमलायच्या आधी, माडाच्या काळजात घडी घालून उभी होती, तेव्हा भुंगा तिच्यातून आरपार गेला. घडी उलगडली तेव्हा जखम दोन्हीकडे सारखी उमटली.

"भुंगो शिरलो हा," पाडेली म्हणतो आणि कमरेला लोखंडी आकडा अडकवून वर चढतो. झावळीच्या बेचक्यात एक भोक आहे आणि भोकाच्या तोंडाशी चघळलेल्या तंतूंचा ओला चोथा. पाडेली आकडा आत घालतो, फिरवतो, आणि भुंगा ओवून बाहेर काढतो. मग बेचक्यात वाळू आणि मीठ भरतो, म्हणजे दुसरा शिरताना त्याच्या सांध्यांत वाळू जाईल.

तो चोथा हातात घ्या. तंतू चावलेले आहेत, गिळलेले नाहीत. भुंगा कोवळ्या गाभ्याचा लगदा करतो, त्यातला रस पितो आणि चोथा मागे ढकलतो. केपला पाहिलेला तपशील आता बाहेर काढा. तोही रस पीत होता, चोथा सारत होता. एक शेणाचा रस पितो, एक माडाचा. एकाचे जबडे मऊ, कारण रस आयता समोर आहे. दुसऱ्याचे कठीण, कारण त्याला रसापर्यंत पोचायला वीतभर लाकूडतोड करावी लागते. आणि माडाला वाढीचा डोळा एकच असतो. तो वाचला तर झाड छाटक्या झावळ्या मिरवत जगतं. भुंगा त्या डोळ्यापर्यंत पोचला, तर माड संपला. बाजूनं दुसरा फुटवा येत नाही. जखमेवर सोंड्या भुंगा येतो, कूज येते, ते वेगळंच.

आता गोठ्यामागच्या गायरीकडे चला. वर्षाचं शेण, पालापाचोळा, राख तिथं कुजते आहे. फावड्यानं एक थर उलटा. जाडजूड पांढुरक्या अळ्या अर्धवर्तुळात वळून पडलेल्या दिसतील, शेतातल्या हुमणीपेक्षा कितीतरी थोराड, डोकं तपकिरी आणि टणक. ही गेंड्या भुंग्याची मुलं. चार-सहा महिने, कधी त्याहून जास्त, त्या कुजलेलं शेण आणि लाकूड चावत राहतात. आतड्याच्या मागच्या फुगीर भागात जंतूंची वस्ती आहे, ती या चोथ्याचं अन्न करते. माडाशी या अळीचं काहीच वैर नाही. ती खतात जगते, खत आणखी मुरवते. वैर सुरू होतं ते तिला पंख फुटल्यावर.

आणि वाडीबाहेर, गडग्यापलीकडे, गुरं चरून गेली त्या वाटेवरही जरा थांबा. ताज्या शेणाखाली माती उकरलेली आहे, शेणकिडे कामाला लागले आहेत. म्हणजे एकाच गाईच्या शेणावर दोघांचे संसार चालले आहेत. रानात पडलेलं, अजून गरम असलेलं शेण शेणकिड्याचं. बाईमाणसांनी पाटीत भरून गायरीत टाकलेलं, महिनोन्‌महिने कुजलेलं शेण गेंड्या भुंग्याचं. पहिल्याला तास मोजून मिळतात, दुसऱ्याला ऋतू.

गेंड्या भुंगा कोकणात उपद्रवी आहेच. पण वाडीतले सगळे माड तो मारत नाही. गायरीत कोंबड्या अळ्या टिपतात. ओलसर जागी एक हिरवी बुरशी त्यांच्या अंगावर चढते आणि त्यांना वाळवून टाकते. पाडेली आकडा चालवतो. माड, भुंगा आणि भुंग्याचे वैरी दक्षिण आशियात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदले आहेत.

त्याच वर्षी सिलोनहून निघालेल्या एका बोटीच्या पोटात शिरा. अंधार, दमट उकाडा, आणि मातीसकट भरलेली रबराची रोपं. बोट जर्मन सामोआला चालली आहे, प्रशांत महासागराच्या मध्यावर. तिकडे रबर लावायचं ठरलं आहे. रोपाच्या मुळाशी बोट घाला. माती ओली, कुजकट, मऊ आहे. याच मालाबरोबर गेंड्या भुंगा समुद्र ओलांडतो आहे. कोंबड्या बरोबर नाहीत, पाडेली नाही. त्याला रोगी करणारं जे काही त्याच्या मुळच्या मुलखात होतं, तेही नाही.

उपोलू बेटावर बोट लागते. तुम्ही मुलिफानुआच्या बाजूला चालत जा. जर्मन कंपनीनं आखीव रांगांत लावलेले माडच माड. इथं खोबरं म्हणजेच पैसा, आणि सामोअन माणसाच्या घरात माड म्हणजे अन्न, पाणी, छप्पर, दोर, चटई. भुंग्याच्या वाटेत अडसर असा काहीच नाही. वर कोवळा रस, खाली कुजणारे ओंडके. त्यानं मारलेला माड उभ्याउभ्या कुजतो आणि त्याच माडाच्या पोटात पुढची पिढी वाढते. प्रत्येक मेलेलं झाड नवं पाळणाघर होतं.

सरकार सक्ती करतं. गावोगावच्या माणसांनी कुजके ओंडके फोडायचे, भुंगे आणि अळ्या गोळा करायच्या. तुम्हीही त्यांच्याबरोबर कुऱ्हाड घेऊन उभे आहात. पाठ मोडून येते. भुंगा आणणारे वेगळे आणि तो वेचणारे वेगळे, याचा विसर पडू देऊ नका. ज्यांच्या पूर्वजांनी होड्यांतून नारळ आणून ही बेटं वसवली, त्यांच्याच माथी हे काम आलं. १९१३ च्या सुमारास फ्रीडरिक्स नावाचा जर्मन कीटकशास्त्रज्ञ इथं कुजट पाल्याचे ढीग रचून भुंग्यांना फसवतो आणि त्या ढिगांत हिरवी बुरशी मिसळतो. बुरशी ढिगातल्या अळ्या मारते, पण बेटभर पोचत नाही. १९१४ मध्ये जर्मन जातात, न्यूझीलंडचे लोक येतात, भुंगा राहतो.

नंतरची चाळीस वर्षं भरभर. १९२१ मध्ये तो टोंगातल्या निउआटोपुटापु बेटावर पोचतो. बेट छोटं, लोक चिवटपणे मागे लागतात आणि दहा वर्षांच्या आत त्याला पुरता हटवतात, पण असं यश क्वचितच कोणाला मिळालं. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, तो पलाऊला जातो, आणि दहा वर्षांत तिथले जवळजवळ निम्मे माड जातात. १९५३ मध्ये फिजी.

१९६३, मलाया. हा भुंगा इथला जुना रहिवासी. आलोइस हुगर हा जर्मन संशोधक कुजके ओंडके फोडत फिरतो आहे. तो अळीचे रोग शोधतो आहे. त्याचा तर्क साधा आहे. जिथं भुंगा फार काळ राहिला आणि तरी माड टिकले, तिथं काहीतरी त्याला आवरत असणार.

त्याच्या हातातली अळी बघा. निरोगी अळी करडी-पांढरी, अपारदर्शक असते, आतलं काळपट शेण कातडीतून जाणवतं. ही मात्र काचेसारखी झाली आहे. उजेडात धरली तर आरपार दिसल्याचा भास होतो, आतलं सगळं पाणी पाणी. हा विषाणू आहे, आजवर कोणी न नोंदलेला. अळ्यांना तो मारतो. मोठ्या भुंग्याला लगेच मारत नाही, आणि त्यातच त्याची खरी ताकद आहे. आजारी भुंग्याच्या आतड्यात तो मायंदाळ वाढतो. भुंगा उडतो, नव्या माडात शिरतो, नव्या ढिगात जातो, आणि विष्ठेतून तो सगळीकडे सांडतो. फ्रीडरिक्सची बुरशी ढिगात बसून राहिली होती. हा विषाणू भुंग्याच्याच पंखांवर फिरतो.

१९६७. पुन्हा सामोआ, अठ्ठावन्न वर्षांनी. मार्शल नावाचा संशोधक रोगानं मेलेल्या अळ्या वाटून भुशात मिसळतो आणि तो भुसा कुजक्या ओंडक्यांच्या रचलेल्या ढिगांत भरतो. भुंगे नेहमीसारखे तिथं अंडी घालायला येतात आणि रोग घेऊन उडतात. यानंतर ढिगाढिगांत हिंडावं लागत नाही. रोग आपसूक बेटभर जातो, आणि थोड्या वर्षांत नव्या झावळ्या अखंड उमलू लागतात. पुढे तर पकडलेल्या भुंग्यांना विषाणू पाजून नुसतं सोडून दिलं तरी पुरतं, असं लक्षात आलं. फिजी, टोंगा, मॉरिशस इथं तेच केलं गेलं. नंतर आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयलाही. भुंगा कुठूनच नाहीसा झाला नाही. पण कोकणात तो जसा आहे, साधारण तसा झाला.

आता तोच महासागर ओलांडून कॅनबेरात या, एका बंदिस्त प्रयोगशाळेत. बोर्नेमिसा सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत आहे आणि त्याला भुंगे आणायची परवानगी मिळाली आहे. अटी कडक आहेत. बाहेरच्या शेणाबरोबर गुरांचे रोग येता कामा नयेत, भुंग्याच्या अंगावरचे किडे येता कामा नयेत. म्हणून जिवंत भुंगा बाहेर जाणारच नाही, फक्त त्याचं अंडं जाईल.

तुमच्यासमोर बशीत तांदळाच्या दाण्याहून लहान अंडी आहेत. ती फॉर्मॅलिननं धुतली जातात. मग ऑस्ट्रेलियन गाईच्या शेणाची हातानं वळलेली गोळी घ्यायची, तिला एक खळगा करायचा, एक अंडं अलगद आत ठेवायचं आणि खळगा बुजवायचा. आई जे अंधारात जमिनीखाली करते ते माणूस दिव्याखाली करतो आहे. गोळी मोजून एकाच अळीपुरती असते. अळी तिच्यातच जन्मते, आतून गोळी खात वाढते, भिंतीला चीर पडली तर स्वतःच्या विष्ठेनं लिंपते. गायरीतल्या अळ्यांसारखं हिला सामायिक कोठार नाही, आईनं बांधून दिलेली एकच शिदोरी आहे.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. सामोआत एका भुंग्याला मुद्दाम रोग दिला जातो आहे. कॅनबेरात दुसऱ्याच्या अंगावर एकही रोग राहू नये म्हणून अंडं धुतलं जातं आहे. मध्ये जेमतेम एक वर्ष आहे. एक जण आपला सोबती मागे ठेवून आला होता, म्हणून त्याच्यामागून सोबती धाडला. दुसरा स्वतःच मागे राहिला होता, त्याला बोलावून घेतलं.

पहिल्या भुंग्याचं नाव गझेला. मूळचा आफ्रिकेचा, पण बोर्नेमिसाला तो हवाईतून मिळाला. गुरांच्या माश्या आवरायला तो तिथं १९५७ मध्येच नेला होता. लांबी सेंटिमीटरभर, रंग तपकिरी, नराच्या डोक्यावर दोन छोटी शिंगं.

१९६८, उत्तर क्वीन्सलंड, टाउन्सव्हिलच्या आसपासचं कुरण. दिवस मावळतोय. डब्यातले भुंगे तुम्ही ताज्या शेणावर ओतता. ते क्षणभर गोंधळतात आणि मग डोकं खुपसतात. पाचव्या मिनिटाला वर कोणी दिसत नाही, फक्त शेणाचा पृष्ठभाग हलतो. गझेला गोळी ढकलत फिरत नाही. शेणाखाली बीळ पाडतो, शेण आत नेतो, तिथं गोळ्या रचतो. सकाळी परत या. शेणाची कड भुगा झाली आहे आणि आजूबाजूला ताज्या मातीचे छोटे ढिगारे उठले आहेत. एक ढिगारा बोटानं बाजूला करा, खाली बोटाएवढं भोक आहे. पाऊस आला की पाणी याच भोकातून खोल जाईल आणि शेणातलं खत गवताच्या मुळाशी पोचेल. शेणात माशीनं घातलेली अंडी उरलेल्या चुऱ्यात वाळून जातील.

उन्हाळ्यात गझेलाची एक पिढी महिन्याभरात उभी राहते. गेंड्या भुंग्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे गझेला झपाट्यानं पसरला. पण त्याला थंडी सोसत नाही, आणि एवढ्या खंडाला एकच भुंगा पुरा पडणं शक्य नव्हतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पन्नासहून अधिक जाती आणल्या गेल्या, कोणी दक्षिणेच्या पावसासाठी, कोणी वसंतासाठी, कोणी रात्रीसाठी. त्यातल्या वीसेक रुजल्या. माश्या पुरत्या गेल्या नाहीत, पण जिथं भुंगे भरपूर आहेत तिथं दुपारी जेवायला उघड्यावर बसता येतं. बोर्नेमिसा २०१४ मध्ये वारला, तोपर्यंत हे त्याला बघायला मिळालं, याचा मला आनंद वाटतो.

आता शेवटचा मुक्काम, हवाईतलं ओआहू बेट, डिसेंबर २०१३. पर्ल हार्बरजवळच्या हवाई तळावर लावलेल्या एका सापळ्यात काळा, शिंगवाला भुंगा सापडतो. गझेला ज्या बेटांवरून ऑस्ट्रेलियाला गेला, तिथं आता गेंड्या भुंगा आला आहे. आणि हा सामोआतल्यासारखा नाही. २००७ मध्ये ग्वाम बेटावर एक नवा वाण दिसला, आणि हुगरच्या विषाणूचे जुने साठे त्याच्यावर चालेनात. ओआहूवर आलेला त्याच वाणाचा.

तुम्ही एका बागेमागच्या पालापाचोळ्याच्या ढिगापाशी उभे आहात. फावडं मारा. वेंगुर्ल्याच्या गायरीत पाहिलेली तीच अळी, तशीच वळलेली, तेच तपकिरी डोकं. झाडांवर भुंग्याच्या गंधाचे सापळे टांगले आहेत. खत, पाला, लाकडाचा चुरा इकडून तिकडे नेण्यावर पुढे निर्बंध येतात, तरी २०२३ मध्ये भुंगा कौआई बेटावरही निघतो. प्रयोगशाळांत विषाणूच्या निरनिराळ्या वाणांची परीक्षा चालू आहे आणि संशोधक आशियातल्या माडांच्या मुलखात पुन्हा कुजके ओंडके फोडत आहेत. हा वाण जिथून निघाला तिथं त्याचा रोगही असणार, या हुगरच्याच हिशेबानं.